झोपेत फिरणारा हात

झोपेत माझा हात फिरायचा, हे मला ठाऊकच नव्हतं. झोपलेल्या माणसाला स्वतःचं काय ठाऊक असणार म्हणा. ते आईने पाहिलं. पहिली पाळी संपवून मी साडेतीनच्या सुमारास घरी यायचे, भात-कालवण खायचे आणि ओटीवर भिंतीकडे तोंड करून जी आडवी व्हायचे ती पार दिवे लागेपर्यंत. आई समोर बसून तांदूळ निवडायची. एका दुपारी तिला दिसलं की चटईवर पडलेला माझा उजवा हात हळूहळू वळतोय. अंगठा दाबला, मनगट वळलं, थांबलं, पुन्हा अंगठा दाबला. पोरगी स्वप्नात कुणाच्या तरी घराचं कुलूप उघडतेय, असं तिला वाटलं.

कसलं कुलूप अन् कसलं काय. मी बुचं लावत होते.

आमचं गाव वाशीच्या अलीकडचं, खाडीला लागून. तेव्हा वाशी म्हणजे काय, तर चार रांगा इमारती आणि रुंद रुंद रस्ते, ज्यांवर माणूसच नाही. दुपारच्या उन्हात त्या इमारती खाडीच्या वाफेत तरंगत असल्यासारख्या दिसायच्या. कुणीतरी आणून ठेवल्यात आणि नेणार आहे परत, असं मला वाटायचं. कांदा-बटाट्याचा बाजार अजून मुंबईतून इकडे यायचा होता. गावाची शेतं आणि मिठागरं मात्र त्या नव्या शहरात गेली होती. आईने उभा जन्म मिठागरात मीठ ओढलं. लांब दांड्याची फळी घेऊन उथळ पाण्यातून मीठ बांधापर्यंत ओढत न्यायचं, ढीग घालायचा, मागे फिरायचं. मिठागर बंद झालं आणि आई एकदम रिकामी झाली. वडील मी लहान असतानाच गेले होते. म्हणजे घरात कमावता हात उरला तो माझा, आणि मी तर दहावी झालेली, मीठ कधी ओढलेलं नाही, उन्हात गेले की डोकं धरणारी.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर औषधांचा एक कारखाना होता. खोकल्याचं लाल औषध बाटल्यांत भरायचा. तिथे बायका घेत होते. मी गेले, घेतलं मला. सहा जणींचा एक पट्टा. पट्ट्यावरून भरलेल्या बाटल्या यायच्या. एकीने बाटल्या नीट लावायच्या, दोघींनी बूच बसवून आवळायचं, दोघींनी लेबल चिकटवायचं, एकीने खोक्यात भरायचं. मी बुचावर. डाव्या हातात बाटली, उजव्या हातात बूच, अंगठ्याने दाबून फिरवायचं, करकचून आवळायचं, सोडायचं. पुन्हा. पुन्हा. सैल राहिलं तर बाटली उलटी धरून बघणारा सुपरवायझर ती परत आणून समोर ठेवायचा. नुसती ठेवायचा.

सुरुवातीला मला ते फार आवडलं, खोटं कशाला बोलू. तो गोड वास, काचेवर काच आपटल्याचा बारीक आवाज, लाल लाल ओळ समोरून सरकतेय. बघता बघता असं व्हायचं की पट्टा थांबलाय आणि आम्ही सहा जणी बसल्या जागी कुठेतरी निघालोय, बोटीत बसल्यासारख्या. शेजारची कोपर मारायची, बाई, उतर आता, बाटल्या साठल्या. आम्ही हसायचो. मग सुपरवायझर नुसता खाकरायचा.

आम्ही सगळ्या टेंपररी होतो. दिवाळीला सहांतल्या चौघींना कायम करणार, असं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं. कायम म्हणजे काय ते आमच्या गावात विचारा. शेत गेलं, मीठ गेलं, खाडीतली मासळी पण निम्मी झाली, त्या गावात ‘कायम’ या शब्दाला देव्हाऱ्यात ठेवायचं बाकी होतं. मला कायम व्हायचं होतं. त्यापुढे मला दुसरं काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. आधी नुसतं सकाळी. मग दुपारी. मग केस विंचरताना, कढई उचलताना, दाराची कडी काढताना. मी आईला सांगितलं. तिने माझा तळहात उजेडात धरला, बोटांनी चाचपला आणि म्हणाली, "हात तयार व्हतंय. येक हंगाम काड."

मिठागरात तसंच होतं. नव्या बाईच्या हाताला पहिल्या आठवड्यात फोड येतात, फुटतात, त्यात मीठ जातं, बाई रडते. मग कातडी जाड होते आणि पुढे जन्मभर काही होत नाही. रडणाऱ्या बाईला बाकीच्या हसतात, तिला कुणी घरी पाठवत नाही. एक हंगाम काढला की ती त्यांच्यातली होते. आमच्या गावातल्या प्रत्येक बाईला हे पाठ. मलाही पटलं. उलट बरंच वाटलं मला, की चला, आता आपणही कष्टाच्या झालो, नुसत्या दहावीच्या नाही. दुखायला लागलं की मी मनात म्हणायचे, तयार होतोय. रात्री आई गरम मिठाची पुरचुंडी करून शेकायची आणि खोबरेल लावून तो अंगठा असा काही रगडायची की माझ्या डोळ्यांतून पाणी. जितकं जास्त दुखतंय तितकं लवकर तयार होतंय, असा आमच्या दोघींचा हिशेब. मूर्खपणा नुसता. पण प्रेमाने केलेला, म्हणून कुणाला दिसला नाही.

महिना गेला तरी हात काही तयार होईना. मनगटाच्या बाजूला बोराएवढी सूज आली. अंगठा हलवला की आत काहीतरी करकरायचं. कारखान्यात मी हे कुणाला कळू दिलं नाही. कारखान्याचा डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा, पण त्याच्याकडे गेलेल्या बाईचं नाव वहीत चढतं आणि ती वही दिवाळीच्या आधी साहेब बघतो, असं सगळ्या म्हणायच्या. खरं होतं की नाही, देव जाणे. मी लांब बाह्यांचा ब्लाउज शिवून घेतला आणि सूज बाहीत घातली.

आणि मग ती दुपार. आईने मला हलवून उठवलं. अर्धवट झोपेत मी ओटीबाहेर पाहिलं, ऊन पांढरं झालेलं, मिठागराच्या रिकाम्या वाफ्यांत पाणी साचून चकाकतंय, आणि क्षणभर मला वाटलं की मीठ परत लागलंय. आई म्हणाली, तू तिथं काय करतेस ते मला करून दाखव. मी म्हटलं, झोपू दे गं. ती ऐकेना. मग मी बसून तिला करून दाखवलं, बाटली नाही, बूच नाही, नुसत्या हवेत. अंगठा दाबायचा, वळवायचं, सोडायचं.

"मंग?" ती म्हणाली.

"मग काय? पुन्हा तेच."

"हात कवा बदलतेस?"

हात बदलायचा नसतो, म्हटलं. आठ तास हाच हात. तिला खरं वाटेना. मग तिने उठून, अंगणातली काठी घेऊन, मला मीठ ओढून दाखवलं. बांधापर्यंत जाताना उजवा हात पुढे. बांध आला की फळी उलटी, डावा हात पुढे. दर खेपेला बदल. चार खेपा झाल्या की ओढणारी ढिगावर जाते आणि ढिगावरची ओढायला येते. हे कुणी शिकवलेलं नव्हतं, कुणी लिहिलेलं नव्हतं. तिच्या आईने तिला असंच करून दाखवलं होतं. आई त्या रिकाम्या अंगणात पुढे-मागे जात होती, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, आणि मी ओटीवर बसून ते झोपेतलंच काहीतरी बघावं तशी बघत होते.

बघताना मला आणखी एक दिसलं. काठी खांद्यावर टाकायची वेळ आली तेव्हा तिचा उजवा हात छातीच्या वर गेलाच नाही. ती वाकली आणि मान खाली घालून तिने काठी खांद्यावर घेतली. मी विचारलं, हे कधीपासून? म्हणाली, शेवटली तीन वर्सं. शेवटच्या तीन वर्षांत मिठागरात बायका कमी झाल्या होत्या, ढिगावर कुणी नसायचं, म्हणून ती एकटीच ओढत राहिली, अदलाबदल न करता. रोज सकाळी माझ्यापुढे बसून ती मला अंबाडा घालायला सांगायची. मला वाटायचं, लाडात येते म्हातारी. लाज वाटली मला स्वतःची, फार वाटली. आईचा हात इतकी वर्षं वर जात नव्हता आणि मी तिच्या केसांत फुलं खोवत होते.

दुसऱ्या दिवशी आई मला वाशीला घेऊन गेली. नव्या इमारतींत तळमजल्यावर एक डॉक्टरीण बसायच्या, मुंबईहून आलेल्या. त्यांनी माझा अंगठा मुठीत घ्यायला लावला आणि मूठ हळूच करंगळीच्या बाजूला वाकवली. मी जी किंचाळले, बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. मग त्यांनी अगदी साध्या भाषेत समजावलं. अंगठ्याची शीर एका नळीतून जाते, परकराच्या नेफ्यातून नाडी जाते तशी. एकसारखी ओढली की घासते, नेफाच सुजतो, मग नाडी सरकत नाही. कातडी जाड होते, ही शीर होत नाही. ती नुसती झिजते. आणि रगडणं पहिलं बंद करा. हे ऐकून आईने मान खाली घातली ती वर केलीच नाही. रस्त्यात एवढंच म्हणाली की येक हंगाम काड असं मीच बोललो.

डॉक्टरीणबाईंनी एक चिठ्ठी लिहून दिली: हे दुखणं एकसारखं पिळण्याच्या कामाने झालं आहे, तीन आठवडे तरी बूच लावायचं काम देऊ नये. नाहीतर, त्या म्हणाल्या, पुढे चहाचा कप उचलता येणार नाही. मी चिठ्ठी घेतली, घडी केली आणि डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवली. दिवाळीला दीड महिना होता. चिठ्ठी दाखवली तर नोकरी जाणार, नाही दाखवली तर हात. असं दोन्हीकडून धरलं होतं मला.

मी तिसराच उद्योग केला. जेवणाच्या सुट्टीत पाचजणींना आईचं मीठ ओढणं सांगितलं. चहाला जागा बदलू या, जेवणाला बदलू या. बुचावरच्या लेबलवर, लेबलवरच्या बुचावर. त्या आधी हसल्या. मग बुचावरची दुसरी, जी माझ्यापेक्षा दुप्पट जोरात काम करायची आणि कधी काही बोलायची नाही, तिने आपली बाही वर केली. तिलाही तिथेच बोर आलं होतं. लेबलवालीची मान जात होती. खोकीवालीची कंबर. सहाजणी, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपलाच हात नाजूक. कुणाच्या नणंदेने सांगितलेलं, वात आहे. कुणाच्या सासूने सांगितलेलं, बाळंतपणात कान उघडे ठेवलेस म्हणून.

आम्ही बदलायला लागलो. सुपरवायझरला तिसऱ्या दिवशी कळलं. देशावरचा माणूस, शब्दाला महाग. प्रत्येकीची जागा कागदावर लिहिलेली असते, म्हणाला, हे चालायचं नाही. मी म्हटलं, बाटल्या मोजा. त्याने मोजल्या. कमी नव्हत्या. सोमवारी येताना तो सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून घेऊन आला. बुचाला तो तुकडा गुंडाळून फिरवलं की अर्ध्या जोरात आवळलं जायचं. बुटक्या होत्या त्या दोघींना पायाखाली फळकुटं दिली. त्याच्या वडिलांचे गुडघे हमाली करून गेले होते, असं पुढे कधीतरी कळलं.

माझी सूज उतरायला लागली, पण गेली नाही. मूठ वळताना अजून टोचायचं. आणि दिवाळीच्या आधी, माझी बुचाची पाळी असताना, अंगठा असा काही अडकला की बाटली हातातून सुटली. फरशीवर लाल लाल. साहेब नेमके तिथून चालले होते. हात बघू, म्हणाले. मग चिठ्ठी दाखवावीच लागली.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत, खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, तुझं काम चांगलं आहे, तुला कायम करायचं आहे, लेबलच्या टेबलावर बसवू, बूच बंद. फक्त ही चिठ्ठी मला फाइलला लावता येत नाही. तू एक कागद लिहून दे की हे दुखणं घरकामाचं आहे. पाणी भरतेस ना घरी? धुणं करतेस ना? मग झालं तर.

माझी जीभ कात्रीसारखी, असं सगळं गाव म्हणायचं. आमच्याकडे पाणी डोक्यावरून येतं, अंगठ्याने पिळून नाही, हे मला रस्त्यात सुचलं. केबिनमध्ये पंखा फिरत होता, खिडकीबाहेर डोंगर उन्हात निळा निळा, आणि मला वाटत होतं की हे दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय. ‘कायम’ हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. मी माझ्या अक्षरात कागद लिहिला. लिहिताना अंगठा दुखला. सही केली.

दिवाळीला चौघी कायम झाल्या, त्यात मी. दुसरी बुचवाली नाही झाली. गावात पेढे वाटले. आईने विचारलं, साहेबानं कागद कसला घेतला? तिला वाचता येत नव्हतं. दुसरं काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण मी पाठ झालेलं बोलून गेले: माझ्या उजव्या हाताचे दुखणे घरातील कामामुळे झाले असून कारखान्यातील कामाशी त्याचा संबंध नाही.

आईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"घर म्हंजे माजंच ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नळावर जायला उठले तर हंडा जागेवर नव्हता. आई पाणी भरून आली होती. तिचा हात वर जात नव्हता, म्हणून नळावरच्या बायकांना हंडा डोक्यावर चढवायला सांगायची आणि दारात आली की खाली बसून मान कलती करून उतरवायची. निम्मं पाणी अंगावर. मी धुणं घ्यायला गेले, तिने बालदी ओढून घेतली. झाडू तिने लपवून ठेवला. मी भांडले, रडले, दोन दिवस जेवले नाही. तिचं एकच: या घरात पोरीला काम नाय. जो येईल त्याला, विचारो न विचारो, ती हे सांगायची. शेवटी मी चिडून म्हटलं, आई, तो कागद खोटा आहे गं, तुला कळत कसं नाही. ती शांतपणे म्हणाली, "खोटा हाय ना? मंग मी हाय तवर त्याला खरा व्हऊ देनार नाय."

मी लेबलच्या टेबलावर बसायला लागले. दोन वर्षांत कारखाना वाढला, पट्टे तीन झाले, गावागावांतून नव्या पोरी आल्या. जागा बदलायची आमची पद्धत पहिल्या पट्ट्यावर राहिली, बाकीच्यांवर कुणी आणली नाही. आणि एका सकाळी नव्या पोरींच्या भरतीच्या कागदांत मला माझंच वाक्य दिसलं. छापलेलं. शब्द न् शब्द माझा, फक्त नावाच्या जागी रेघ. हात दुखायच्या आधीच प्रत्येकीची त्यावर सही घेत होते. पोरी हसत हसत, पेन एकमेकींकडे देत, सह्या करत होत्या. मी लेबलं चिकटवत बसले. काही बोलले नाही. ते मला आजही सोसत नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी आईला सांगितलं. ती दारात हंडा उतरवत होती. म्हटलं, तो कागद आता सगळ्यांकडून लिहून घेतात, छापूनच आलाय, माझाच आहे तो. तिने हंडा टेकवला, पदराने तोंड पुसलं, आणि मला वाटलं आता ही मला बोलणार, बोलायलाच हवं होतं तिने.

"मंग त्या पोरींच्या घरी," ती म्हणाली, "पानी कोन भरतं?"

त्या पोरी माझ्याबरोबरच गेटमधून सुटायच्या, भराभर चालायच्या, कारण त्यांच्या गावांत नळाला पाणी साडेचारलाच यायचं. हे मी तिला सांगितलं नाही.